बंड्याचं कारंजं: १० महिन्यांचा हिशेब

मांजरांसाठी विजेवर चालणारं पाण्याचं कारंजं मिळतं, ते मी गेले १० महिने वापरते आहे. २ लिटरची पारदर्शक टाकी, वर स्टीलची थाळी, थाळीच्या मधोमध फुलाच्या आकाराचा प्लास्टिकचा नळ आणि आत बुडालेला पंप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्याची कारंजी मी वेगवेगळ्या नावांनी पाहिली आहेत, आणि मला जे सांगायचंय ते नावाबद्दल नाही. कोणत्या मांजरासाठी घ्यावं, घेतल्यावर त्याच्यामागे किती राबावं लागतं आणि एवढं करून मांजराच्या पोटात खरंच जास्त पाणी जातं का, हे सांगायचंय.

आमच्याकडे दोन मांजरं. बंड्या ८ वर्षांचा, केशरी-पांढरा, नसबंदी झालेला बोका, वजन साडेपाच किलो. पिठी ३ वर्षांची भाटी, राखाडी अंगावर कुणी पीठ भुरभुरावं तशी. घरात मी आणि आई. मी २८ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. त्यातला बराचसा वेळ माणसांच्या लघवीचे नमुने तपासण्यात गेला, त्यामुळे पुढे जे आकडे येतील ते सवयीने येतील, समजून घ्या.

गेल्या वर्षी एका रात्री बंड्या त्याच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये गेला, उकरलं, पाठ वाकवून बराच वेळ बसला आणि तसाच बाहेर आला. पाच मिनिटांनी पुन्हा. मग बाथरूमच्या कोरड्या फरशीवर. मग माझ्या पलंगाशेजारच्या चटईवर, आणि तिथे बटणाएवढा गुलाबी डाग पडला. आई म्हणाली, "पोट बिघडलंय त्याचं, सकाळपर्यंत बघू." मी डाग कापसाने टिपला आणि दिव्याखाली धरला. रक्त होतं. पोटाला हात लावला तर खालच्या बाजूला संत्र्याएवढा टणक गोळा लागला, आणि एरवी कुणीही उचललं तरी ढिम्म असणारा बंड्या कळवळून ओरडला. मी सकाळपर्यंत थांबले नाही.

बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. स्फटिक आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसलं की लघवी तुंबते. मग रक्तातलं पोटॅशियम चढतं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. बोका ट्रेमध्ये वारंवार जातोय आणि लघवी होत नाही असं दिसलं की ती बद्धकोष्ठता असेल, रुसवा असेल असं समजू नका. त्याच तासाला डॉक्टर गाठा. या अख्ख्या लेखातलं एवढंच वाक्य लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे.

बंड्याला नळी घातली, तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड दाखवली. स्ट्रुवाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक, शवपेटीच्या झाकणासारखे, कडा लख्ख. माणसांच्या नमुन्यांत हजारदा पाहिलेले. त्या दिवशी मात्र पोटात कालवलं. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला मी वेगळं काय सांगू? लघवी पातळ राहिली पाहिजे. कोरडे दाणे बंद करून ओलं खाणं सुरू करा, आणि जमेल त्या वाटेने पाणी पोटात जाऊ द्या."

जमेल त्या वाटेने! मांजर पाळणाऱ्यालाच ठाऊक, ही वाट किती अवघड असते. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, फेलिस लिबिका. कोरड्या मुलखातला प्राणी. पाणी शोधत फिरण्यापेक्षा उंदीर मारायचा आणि त्याच्या अंगातलं पाणी मिळवायचं, अशी त्याची रीत. त्याचं मूत्रपिंड पाणी राखून ठेवण्यात पटाईत असतं आणि तहान उशिरा लागते. उंदराच्या अंगात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, डब्यातल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८०, आणि कोरड्या दाण्यांत जेमतेम १०. दाणे खाणारं मांजर भांड्यातून जास्त पितं खरं, पण ती तूट सहसा पुरती भरून काढत नाही. लॅबमध्ये माणसाच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती पाण्यापेक्षा किती दाट आहे ते, १.०३० च्या वर दिसलं की आम्ही म्हणायचो, पाणी कमी पडतंय. मांजराचं १.०५० सहज असतं. बंड्याचं घरी आल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत १.०५८ होतं.

त्याआधी ही दोघं पाणी कशी पीत होती, ते सांगायला हवं, कारण कारंजं विकत घेण्याचं कारण त्यातच आहे.

बंड्याने भांड्यातलं पाणी कधी मनापासून प्यायलंच नाही. त्याला बाथरूमचा नळ लागायचा. सकाळी साडेसहाला तो नळाखाली जाऊन बसायचा, एकदा नळाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. नळ थेंबथेंब सोडला की आधी थेंब कपाळावर घ्यायचा, मग पंजा कपाळावरून फिरवून पंजा चाटायचा. असं दहा-बारा वेळा झालं की मग कुठे जीभ थेट थेंबाखाली धरायचा. मला ते बघायला फार आवडायचं, पण आता विचार केला की कळतं, इतक्या खटाटोपातून त्याच्या पोटात चमचाभरसुद्धा पाणी जात नसेल.

पिठीची तऱ्हा वेगळी. ती भांड्यापाशी येते, उजव्या पंजाने भांडं आपल्याकडे बोटभर ओढते, पाण्यावर दोन हलक्या चापट्या मारते, तरंग उठले की मगच तोंड खाली नेते. आईला वाटायचं, ती खेळते. पण मांजराची नजर दूरच्या हालचालीवर जितकी पक्की, तितकीच नाकाशेजारच्या वस्तूवर कच्ची. साधारण २५ सेंटीमीटरच्या आतलं त्यांना नीट दिसत नाही. स्वच्छ, स्थिर पाण्याची पातळी कुठे सुरू होते ते नाकाला पाणी लागेपर्यंत समजत नसेल, तर आधी ते हलवून बघणं हा शहाणपणाच आहे. भांडं काठोकाठ भरलं की पिठी चापट्या कमी मारते, अर्धं असलं की जास्त. हे मी मुद्दाम भरून-उपसून पाहिलंय. शिवाय तिचा एक कापडी उंदीर आहे, तो रोज रात्री ती पाण्यात आणून टाकते. सकाळी उंदीर भांड्यात तरंगत असतो आणि पिठी त्याच्या शेजारून पाणी पीत असते.

दोघांनाही हलतं पाणी हवं, असं यावरून मला वाटलं, म्हणून कारंजं आणलं. माझा अंदाज निम्माच बरोबर निघाला.

पहिल्या दिवशी मी चूक केली. पेटीतून काढलं, धुतलं, भरलं आणि लगेच चालू केलं. बंड्या तीन हात लांब उभा राहिला, कान आडवे, शेपटी जमिनीला टेकलेली, आणि मागच्या पावली गेला तो थेट कपाटावर. मला पंपाचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. पेटीवरही 'निःशब्द' असं लिहिलं होतं. पण निःशब्द कुणासाठी? माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी. मांजराला ८० किलोहर्ट्झच्या आसपासचंही ऐकू येतं, बिळातल्या पिल्लांची चिवचिव टिपणारे कान ते. आपल्याला जिथे शांतता वाटते तिथे त्याला काय ऐकू येत असेल, ते त्याच्या कानांकडे बघूनच ओळखायचं.

मग बंद केलं. चार दिवस नुसतंच ठेवलं. बंड्याने वास घेतला, कोपऱ्यावर गाल घासला, म्हणजे आपलं म्हणून शिक्का मारला. पाचव्या दिवसापासून रोज तासभर चालू, तेही मी शेजारी पुस्तक घेऊन बसलेली असताना. दहाव्या दिवशी तो आपणहून आला. पिठी पहिल्याच मिनिटाला आली होती, पंजा नळावर ठेवून पाण्याची धार आईच्या अंगावर उडवायला. पहिले दोन आठवडे भोवती जुना टॉवेल अंथरून ठेवावा लागला.

कंपनीच्या चित्रात मांजर वरच्या धारेला तोंड लावून पिताना दाखवलंय. आमच्याकडे दोघांपैकी कुणीही तसं पीत नाही. बंड्या पितो ते थाळीत जिथे धार पडून पाणी थरथरत असतं, त्याच्या बोटभर बाजूला. का, ते मला फोनवर सावकाश गतीचं चित्रण करून बघितल्यावर समजलं.

कुत्रा जीभ चमच्यासारखी बुडवतो. मांजर तसं करत नाही. मांजराच्या जिभेचं टोक खाली, मागच्या बाजूला वळतं, आणि त्या वळलेल्या टोकाची वरची बाजू पाण्याला फक्त टेकते. मग जीभ झपकन वर जाते. तिला चिकटलेलं पाणी तिच्यामागे ओढलं जाऊन पाण्याचा बारीकसा खांब उभा राहतो, आणि तो कोसळायच्या आत जबडा मिटतो. खांबाचा वरचा भाग तोंडात, बाकीचा परत खाली. २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात चार संशोधकांनी हे मोजून मांडलं. त्या कामाची सुरुवात त्यांच्यापैकी एकाने आपल्या घरच्या मांजराला पाणी पिताना न्याहाळण्यातून झाली होती. घरचं मांजर सेकंदाला साधारण ४ वेळा असं चाटतं आणि दर वेळी मिलिलिटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पाणी उचलतं. बंड्याच्या चित्रणात मी मोजलं, १० सेकंदांत ३७. हनुवटी कोरडी, मिशा कोरड्या, आणि जिभेखाली तो काचेच्या काडीसारखा खांब उभा राहतोय, मोडतोय, उभा राहतोय. २८ वर्षं पिपेटने पाणी उचललेल्या बाईला हे बघून काय वाटलं असेल, ते लिहून सांगता येणार नाही. आईला हाका मारून उठवलं मी.

तेव्हा अशा जिभेला हवा असतो सपाट पृष्ठभाग, थोडासा हलणारा, म्हणजे दिसणारा. वरून पडणारी धार तिच्या कामाची नाही. म्हणून कारंजं घेताना नळाचा आकार, फुलं, धारांचे प्रकार हे बघूच नका. थाळी बघा. रुंद हवी, म्हणजे मिशा कडेला घासणार नाहीत, आणि तिच्यात निदान दीड-दोन सेंटीमीटर पाणी उभं राहायला हवं. स्टीलची किंवा चिनी मातीची हवी. प्लास्टिकवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत घाण धरते. बंड्याच्या हनुवटीवर प्लास्टिकच्या जुन्या भांड्यामुळे काळे ठिपके यायचे, ते स्टील आल्यापासून गेले.

आता मोजमाप. बंड्या रात्री १० ते सकाळी ६ माझ्या खोलीत झोपतो, दार लावून, म्हणजे त्या ८ तासांत त्या खोलीतलं पाणी फक्त तोच पितो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घेतला. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, सोपा हिशेब. रात्री भांडं वजन करून ठेवायचं, सकाळी पुन्हा वजन करायचं. पण पाण्याची वाफही होते, आणि कारंज्यातलं पाणी सतत हलत असल्याने भांड्यापेक्षा जास्त होते. म्हणून बंड्याला बाहेर ठेवून तीन रात्री रिकाम्या खोलीत कारंजं चालवलं. ८ तासांत सरासरी ९ ग्रॅम गेलं. साध्या भांड्यातून ३ ग्रॅम. हे वजा केल्याशिवाय कुणी 'आमचं मांजर कारंज्यावर दुप्पट पाणी पितं' म्हणालं, तर तो आकडा धरू नका. निम्मं पाणी हवेत गेलेलं असू शकतं.

१४ रात्री साधं भांडं आणि १४ रात्री कारंजं, वाफ वजा करून: भांड्यातून सरासरी १९ मिलिलिटर, कारंज्यातून ३४. म्हणजे रात्रभरात आणखी दीडशे चाटणी. त्यात एक रात्र ५१ ची होती, एक ११ ची, आणि ती ११ ची रात्र पिठी दाराबाहेर बसून ओरडत होती तेव्हाची. अस्वस्थ मांजर पाणी पीत नाही, एवढं त्यातून मी शिकले.

पिठीचं मग असंच दिवाणखान्यात मोजलं. भांड्यातून १६, कारंज्यातून १५. काहीच फरक नाही. पिठी कारंज्याशी खेळते, त्याच्या धारेत उंदीर बुडवते, आणि पाणी प्यायला मात्र खिडकीजवळच्या चिनी मातीच्या रुंद वाडग्याकडेच जाते, दोन चापट्या मारून. प्रयोगशाळेतल्या मांजरांना स्थिर, पडतं आणि फिरतं पाणी देऊन केलेली मोजमापं प्रसिद्ध झाली आहेत. त्यांतही सगळी मांजरं सरसकट कारंज्यावर जास्त पितात असं निघालं नाही, एकेकाची आवड मात्र ठळक दिसली. माझ्या घरात नेमकं तेच झालं.

आणि जे श्रेय ज्याचं ते त्याला. बंड्याच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०५८ वरून १.०४४ वर आलं ते ओलं खाणं सुरू केल्यावर पाच आठवड्यांनी, तेव्हा कारंजं घरात आलेलंही नव्हतं. कारंजं आल्यानंतर तीन महिन्यांनी १.०३८. मोठी उडी खाण्याने मारली, कारंज्याने तिच्यात भर घातली. डॉक्टरांनी सांगितलेलं खाणं सोडून नुसतं कारंजं आणून भागणार नाही. ट्रेमध्ये लघवीने मातीचे जे ओले गोळे होतात, तेही मी महिनाभर वजन केले. दिवसाला दोन दगडासारखे गोळे असायचे, ते तीन आणि मोठे झाले. घरी तपासायला दुसरं काही नसेल तर एवढं तरी रोज बघा. गोळे लहान झाले किंवा एखादा दिवस दिसलेच नाहीत, की सावध व्हा.

आता साफसफाई. इथे मला कंपनीवर खरोखर राग आहे. पेटीवर लिहिलंय, 'महिन्यातून एकदा धुवा.' चौथ्या दिवशी थाळीच्या खालच्या बाजूला बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागतं. तो जिवाणूंचा थर असतो, स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करून पृष्ठभागाला धरून बसणारे जिवाणू. नुसतं पाणी बदलून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. मांजराच्या तोंडातली लाळ, खाण्याचे कण आणि कोमट खोली, एवढं त्यांना पुरतं. महिनाभर थांबलात तर कारंज्यापेक्षा रोज विसळलेलं साधं भांडं कितीतरी स्वच्छ.

मी दर चौथ्या दिवशी सगळं सुटं करते. टाकी, थाळी, नळ, स्पंज, पंप. पंपाचं पुढचं झाकण नखाने उघडतं, आत बोटाच्या पेराएवढी चुंबकी चक्री असते, ती ओढून काढायची. तिच्या दांड्याला केस गुंडाळलेले असतात, केशरी आणि राखाडी, बारीक दोऱ्यासारखे पिळलेले. चिमट्याने ओढून काढायचे, मग खळगा बारीक ब्रशने घासायचा. ही चक्री निघते, हे पेटीतल्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. मला ते पंप अडखळायला लागल्यावर, उघडून बघितल्यावर कळलं. बिनवासाचा साबण, आणि मग बोट फिरवलं की करकर वाजेपर्यंत खळखळून धुणं. क्षारांचा पांढरा थर बसला तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास. मला सवय आहे, २० मिनिटांत होतं. पण ज्याला आठवड्यातून दोनदा ही २० मिनिटं देता येणार नाहीत त्याने हे घेऊ नये, असं मी अगदी मनापासून सांगते. नळाच्या आत एक खाच आहे, तिच्यात कुठलाच ब्रश जात नाही. काडीला कापूस गुंडाळून ती साफ करावी लागते. ज्यांनी हा साचा घडवला त्यांनी तो एकदा स्वतः धुवून बघायला हवा होता.

फिल्टरबद्दल थोडंच. नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि रेझिनचे दाणे. कोळशाने क्लोरीनचा वास जातो, पाण्याची चव सुधारते, रेझिन काही दिवस पाण्याचा कठीणपणा थोडा कमी करतं. जिवाणू यातलं काहीच मारत नाही. पेटीवर 'मूत्रपिंडाचं रक्षण' असं लिहिलंय ते लिहायला नको होतं. आजारी मांजराचा मालक ते वाचून पैसे टाकतो. फिल्टर बदलायची आठवण करणारा दिवाही पाण्याचं काही मोजत नाही, नुसते दिवस मोजतो. मी एकदा फिल्टर काढून ठेवून आठवडाभर कारंजं चालवलं, दिवा हिरवाच. नवा फिल्टर बसवण्याआधी वाहत्या पाण्याखाली धरा, नाहीतर पहिल्या दिवशी थाळीत काळी भुकटी येते.

वीज गेली किंवा पंप बंद पडला की या साच्यात थाळीतलं पाणी खाली टाकीत उतरतं. थाळी कोरडी, मांजर थाळीपाशी, आणि पाणी त्याच्या पायाखाली झाकणाआड. म्हणून घरात कारंजं असलं तरी साधी भांडी उचलू नका. आमच्याकडे आजही तीन भांडी तीन ठिकाणी भरलेली असतात. टाकीतलं पाणी निम्म्याखाली गेलं तर पंप कण्हायला लागतो. ते मला ऐकू येतं त्याच्या बऱ्याच आधी बंड्या यायचा थांबतो. तो सकाळी थाळीकडे बघून तसाच वळला की मी पाणी भरते.

वायरचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. मोबाईलच्या चार्जरवर चालतं, ५ व्होल्ट, तरी पिठीने दुसऱ्या आठवड्यात वायरवर दात लावले होते. मी वायर जाड नळीत घालून भिंतीलगत चिकटवली.

जागा तीनदा बदलली. आधी खाण्याशेजारी ठेवलं, तिथे बंड्या खाऊन निघून जायचा. मग कोपऱ्यात ठेवलं, तिथे पिताना दाराकडे पाठ व्हायची आणि पिठी मागून झडप घालायची. आता खोलीच्या मध्यावर, भिंतीपासून हातभर पुढे आहे. बंड्या पलीकडच्या बाजूला बसतो, दाराकडे तोंड करून, पितो आणि मधूनमधून मान वर करून बघतो. कारंज्यावर मोजलेल्या १४ रात्री याच जागेवरच्या.

सातव्या महिन्यात पंप गेला. चक्री फिरायची, पण पाणी वर चढत नव्हतं. चक्रीचा दांडा एका बाजूने झिजला होता. कंपनीला फोटोसकट लिहिलं, उत्तर आलं, 'कृपया उपकरण स्वच्छ करा.' मी पुन्हा लिहिलं, झिजलेल्या दांड्याचं मोजमाप देऊन. त्याला उत्तर आलं नाही. शेवटी तसाच पंप सुटा मिळाला, तो बसवला आणि एक जास्तीचा आणून ठेवला. घेणार असाल तर आधी सुटा पंप आणि फिल्टर मिळतात का ते बघा. नाहीतर एका बारीक दांड्यासाठी अख्खी वस्तू टाकावी लागेल.

तर माझं मत असं. ज्यांच्या मांजराला लघवीचा त्रास झाला आहे, जे नळापाशी, बादलीपाशी रेंगाळतं, ते आधीच ओल्या खाण्यावर आहे आणि घासायला तुमचे हात तयार आहेत, त्यांनी घ्यावं. मी पुन्हा घेईन. पिठीसारख्या मांजरासाठी घेऊ नका, तिला रुंद वाडगा काठोकाठ भरून द्या, रोज घासून. घेण्याआधी आठवडाभर तुमचं मांजर कुठे आणि कसं पितं ते बघून लिहून ठेवा, नंतर फरक पडला की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

बंड्याला त्या रात्रीनंतर पुन्हा त्रास झालेला नाही. सकाळी साडेसहाला तो अजूनही बाथरूमच्या नळाखाली जाऊन बसतो, थेंब कपाळावर घेतो. मी नळ सोडते. ते पाणी वरच्या आकड्यांत धरलेलं नाही.